सर सालारजंग पहिले : एका स्थितिवादी पंतप्रधानाची राजकीय कारकीर्द आणि मराठवाड्यावरील तिचा परिणाम

प्रस्तावना

औरंगाबाद शहराच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) दिल्ली दरवाजातून उत्तरेकडे निघालेला रस्ता हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड या मार्गाने अजिंठ्यास जातो. आज हर्सूल महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे आणि तेथील तलाव व मध्यवर्ती कारागृह यांमुळे ते सर्वांना परिचित आहे. तथापि एकोणिसाव्या शतकात हर्सूल हे निजामाच्या राज्यातील, सुभ्याच्या ठिकाणालगतचे एक गाव होते. अशा गावातील शेतकऱ्याला निजाम कधी दिसत नसे आणि ब्रिटिश रेसिडेंटशी त्याचा संबंध येत नसे. त्याला राज्यसंस्था भेटे ती सारा वसूल करणाऱ्याच्या रूपाने. हा वसूल करणारा कोण असावा, मक्तेदार की पगारदार अधिकारी, या प्रश्नाचे उत्तर १८५३ ते १८८३ या तीस वर्षांत बदलले. तो बदल घडविणारी व्यक्ती म्हणजे हैदराबाद संस्थानचे दिवाण मीर तुराब अली खान, अर्थात सर सालारजंग पहिले हे होत.

हैदराबाद संस्थानात दिवाण किंवा 'मदार-उल-महाम' हे पद आजच्या भाषेत पंतप्रधानाचे पद होते. सालारजंग यांचे वर्णन इतिहासग्रंथांत बहुधा 'सुधारक' असे केले जाते. ते वर्णन खोटे नाही, परंतु अपुरे आहे. त्यांच्या सुधारणांचा हेतू नवा समाज घडविणे हा नव्हता. निजामाचे राज्य, दरबार, उमराव वर्ग आणि मोगली परंपरा टिकवून धरणे हा होता. या अर्थाने ते स्थितिवादी मुत्सद्दी होते. जे टिकवायचे त्यासाठी जेवढे बदलणे अपरिहार्य तेवढेच बदलावे, हे त्यांच्या कारभाराचे सूत्र दिसते. या सूत्राचे मराठवाड्यावर झालेले परिणाम तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दिवाणपद स्वीकारतानाची परिस्थिती

सालारजंग यांचा जन्म १८२९ मध्ये विजापूर येथे झाला. त्यांचे घराणे दिवाणपदाशी जोडलेले होते. त्यांचे चुलते सिराज-उल-मुल्क हे दिवाण असतानाच २१ मे १८५३ रोजी इंग्रजांशी तह झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच सिराज-उल-मुल्क यांचे निधन झाले. मे महिन्याच्या अखेरीस अवघ्या चोविसाव्या वर्षी सालारजंग यांच्याकडे दिवाणपद आले.

१८५३ च्या तहाने हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चासाठी आणि थकलेल्या कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला होता. उरलेल्या मुलखाची अवस्थाही बरी नव्हती. चंदुलाल यांच्या प्रदीर्घ कारभारात महसूल मक्त्याने देण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली होती. अरब व रोहिले जमादार आणि सावकार यांच्याकडे तालुकेच्या तालुके गहाण पडले होते. पेस्तनजी मेहेरजी या पारशी पेढीचे उदाहरण औरंगाबादच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. या पेढीने संस्थानास मोठी कर्जे दिली आणि औरंगाबादच्या टांकसाळीतून पाडलेले रुपये 'पेस्तनशाही' या नावाने चलनात आले. राज्याच्या नाण्यास सावकाराचे नाव लोकांनी द्यावे, यातच राज्यसंस्थेच्या क्षीणतेचे माप मिळते.

मक्तेदारी पद्धतीचा भार अखेर गावावर पडे. मक्तेदाराने दरबारात भरलेली रक्कम व्याजासह वसूल करावयाची असे, आणि पुढील वर्षी मक्ता आपल्याकडे राहील याची शाश्वती नसे. त्यामुळे शेत पिकविणाऱ्याची कुवत टिकविण्यात त्याचे हित नव्हते. सालारजंग यांनी पहिल्या काही वर्षांत गहाण पडलेले तालुके टप्प्याटप्प्याने सोडवून घेतले व जमादारांची सत्ता आवळत आणली. या टप्प्यावरच १८५७ चा उठाव झाला.

१८५७ : निष्ठा आणि तिची किंमत

मे १८५७ मध्ये निजाम नासिर-उद-दौला यांचे निधन होऊन अफजल-उद-दौला गादीवर आले. जून महिन्यात औरंगाबादच्या छावणीतील कंटिन्जंटच्या घोडदळात असंतोष उघड झाला. पुण्याहून निघालेली जनरल वुडबर्न यांची फौज त्याच महिन्यात औरंगाबादेस पोहोचली आणि बंडखोर शिपायांना फाशी, गोळ्या व तोफेच्या तोंडी देणे अशा शिक्षा झाल्या. शहरातील काळा चबुतरा ही जागा या स्मृतीशी जोडलेली असून तो परिसर आज क्रांती चौक म्हणून ओळखला जातो. कंटिन्जंट नावाने निजामाची असली तरी तिचे अधिकारी ब्रिटिश होते व ती रेसिडेंटच्या नियंत्रणाखाली होती, ही बाब येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

१७ जुलै १८५७ रोजी हैदराबादेत तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रेसिडेन्सीवर हल्ला झाला. सालारजंग यांनी रेसिडेंट डेव्हिडसन यांना आधीच सावध केले होते. हल्ला परतविला गेला. पुढे तुर्रेबाज खान मारले गेले आणि मौलवी अलाउद्दीन यांना अंदमानात पाठविण्यात आले. राजधानीतील लोकमत मोठ्या प्रमाणात उठावाच्या बाजूने असताना सालारजंग यांनी इंग्रजांची बाजू घेतली. त्याची किंमत त्यांना स्वतःलाही मोजावी लागली. मार्च १८५९ मध्ये रेसिडेंटसमवेत दरबारातून बाहेर पडताना त्यांच्यावर हल्ला झाला, आणि १८६८ मध्ये पुन्हा त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. दोन्ही प्रसंगी ते बचावले.

राष्ट्रीय दृष्टीच्या इतिहासलेखनाने या भूमिकेस फितुरी ठरविले, तर ब्रिटिश लेखकांनी तिची स्तुती केली. दोन्ही मूल्यमापनांत सालारजंग यांचा स्वतःचा हिशेब बाजूला राहतो. १८५६ मध्ये अयोध्येचे राज्य खालसा झाले होते. वऱ्हाड हातचे गेले होते. उठाव फसला तर हैदराबाद संस्थानच नकाशावरून पुसले जाईल, हा धोका त्यांना दिसत होता. त्यांची निष्ठा इंग्रजांवरील प्रेमापोटी नव्हती, ती संस्थान वाचविण्याचा मार्ग होती. १८६० च्या तहाने रायचूर दुआब व धाराशिवचा मुलूख परत मिळाला, सुरपूर संस्थान निजामास जोडले गेले आणि पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. आजचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामी राज्यात राहिला तो या तहामुळेच. वऱ्हाड मात्र परत आले नाही. उलट तेथील जमाखर्चाचा तपशील देण्याच्या बंधनातून इंग्रज या तहाने मुक्त झाले. ही सवलत पुढे सालारजंग यांना फार महाग पडली.

जिल्हाबंदी : गाव आणि सरकार यांचा नवा संबंध

सालारजंग यांच्या कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ कार्य म्हणजे १८६० च्या दशकाच्या मध्यास अंमलात आलेली 'जिल्हाबंदी' होय. महसुलाच्या देखरेखीसाठी मध्यवर्ती मंडळ नेमले गेले. दिवाणी मुलखाची विभाग, जिल्हे व तालुके अशी रचना झाली. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम व तिसरे तालुकदार आणि तालुक्यावर तहसीलदार अशी पगारदार अधिकाऱ्यांची साखळी उभी राहिली. पूर्वी 'तालुकदार' हा शब्द महसुलाच्या मक्तेदारास लावला जात असे. सालारजंग यांनी शब्द तोच ठेवला आणि त्यामागील अधिकार व जबाबदारी पूर्णपणे बदलली. त्यांच्या कार्यपद्धतीचा हा नमुनाच होय. औरंगाबाद हे विभागाचे मुख्य ठिकाण राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी या विभागात औरंगाबाद, बीड, परभणी व नांदेड हे जिल्हे होते. स्वातंत्र्योत्तर मराठवाड्याच्या प्रशासकीय नकाशाचा पाया या रचनेत आहे.

या व्यवस्थेने ग्रामीण समाजातील मध्यस्थांचे स्थान बदलले. परगण्याचे देशमुख व देशपांडे यांना वसुलीच्या कामातून दूर करून रोख 'रुसूम' देण्यात आले. त्यांची प्रतिष्ठा व उत्पन्नाचा काही भाग राखला गेला, परंतु शेतकरी व सरकार यांच्यामधील त्यांची जागा गेली. गावपातळीवर पाटील व कुलकर्णी कायम राहिले. मराठवाड्यात १८७० च्या दशकात सुरू झालेली जमीन मोजणी व आकारणी मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धतीच्या धर्तीवर होती. शेताची मोजणी, प्रतवारी, ठरावीक मुदतीसाठी निश्चित रोख आकार आणि खातेदाराच्या नावाची नोंद ही तिची मुख्य अंगे होत. हर्सूलसारख्या गावातील शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, किती द्यायचे हे आता कागदावर आधी ठरलेले होते. आकारणी जड असू शकत होती. दुष्काळात ती असह्यही होत असे. तथापि मक्तेदाराच्या मर्जीवर ठरणारी मागणी आणि नोंदवहीत लिहिलेली मागणी यांत मूलभूत फरक होता.

याच काळात प्रांतोप्रांतीच्या टांकसाळी बंद होऊन चलन एका ठिकाणी आले. १८५७ नंतर नाण्यावरील मोगल बादशहाचे नाव वगळले गेले आणि 'हाली सिक्का' संस्थानचे चलन बनला. जिल्ह्यांत पोलीस व न्यायालये स्थापन झाली. १८६८ मध्ये न्याय, महसूल, पोलीस व इतर खाती यांसाठी चार सदर-उल-महाम म्हणजे खातेमंत्री नेमण्यात आले. वाडी ते हैदराबाद लोहमार्ग १८७४ मध्ये निजामाच्या भांडवलावर पूर्ण झाला.

सुधारणेची सीमा

जिल्हाबंदी सर्व राज्यास लागू नव्हती. ती 'दिवाणी' मुलखापुरती होती. निजामाचा खाजगी 'सर्फ-ए-खास', पायगा उमरावांचे इलाखे आणि लहानमोठ्या जहागिरी या रचनेबाहेर राहिल्या. संस्थानच्या अखेरच्या काळापर्यंत हे बिगर-दिवाणी क्षेत्र एकूण मुलखाच्या सुमारे चाळीस टक्के होते. दिवाण स्वतःही मोठे जहागीरदार होते. हर्सूलवरून जाणारा रस्ता ज्या अजिंठ्यास पोहोचतो, ते अजिंठा गाव सालारजंग घराण्याच्या जहागिरीत होते. एकाच रस्त्यावरच्या गावांना दोन प्रकारचे शासन लाभावे, ही विसंगती सालारजंग यांच्या सुधारणेच्या स्वरूपातच अंतर्भूत होती.

ही विसंगती केवळ स्वार्थातून आली असे म्हणणे उथळ ठरेल. उमराव वर्ग हा त्यांच्या मते संस्थानचा आधार होता. तो मोडला तर निजाम आणि रेसिडेंट यांच्यामध्ये कोणीच उरणार नाही, ही त्यांची धारणा होती. त्यामुळे त्यांनी जुन्या मोगली दरबारी व्यवस्थेस हात न लावता तिच्या शेजारी नवी नोकरशाही उभी केली. जुन्या दप्तरदारांबाबत मात्र ते कठोर होते. मराठी मुलखाचे महसुली दप्तर वंशपरंपरेने सांभाळणारे रायरायां हे मराठी ब्राह्मण घराणे आणि तेलंगी मुलखाचे दप्तर सांभाळणारे मालवाला कायस्थ घराणे यांचा राज्याच्या हिशेबावरील ताबा त्यांनी संपुष्टात आणला.

नव्या जागांवर आले ते बहुतांशी उत्तर हिंदुस्थानातील शिक्षित मुस्लिम अधिकारी. सय्यद हुसेन बिलग्रामी, मोहसिन-उल-मुल्क, विकार-उल-मुल्क, चिराग अली ही त्यांतील प्रमुख नावे. हे अधिकारी कर्तबगार होते, परंतु मराठी, तेलुगू वा कन्नड प्रजेशी त्यांचे भाषिक नाते नव्हते. 'मुल्की' व 'गैरमुल्की' हा पुढे दीर्घकाळ चाललेला वाद येथून सुरू झाला. भाषेच्या बाबतीतही सालारजंग यांनी फारसी हीच कारभाराची भाषा राखली. त्यांच्या मृत्यूनंतर लगेच, १८८४ च्या सुमारास, तिची जागा उर्दूने घेतली. गावकुलकर्ण्याचे दप्तर मराठीत, मोडी लिपीत चाले आणि तालुक्यापासून वरचा व्यवहार फारसीत वा नंतर उर्दूत होई. राज्य कागदावर आले, पण तो कागद प्रजेला वाचता येत नव्हता.

वऱ्हाडचा प्रश्न

सालारजंग यांच्या राजकीय जीवनातील सर्वांत मोठा पराभव वऱ्हाडच्या प्रश्नावर झाला. फेब्रुवारी १८६९ मध्ये अफजल-उद-दौला यांचे निधन झाले. नवे निजाम मीर महबूब अली खान तीन वर्षांचेही नव्हते. सालारजंग व शम्स-उल-उमरा अमीर-ए-कबीर हे संयुक्त पालक-प्रशासक झाले. यानंतर वऱ्हाड परत मिळविण्याचा त्यांनी सातत्याने पाठपुरावा केला. कंटिन्जंटच्या खर्चाची हमी म्हणून रोख भांडवल ठेवून मुलूख परत घेण्याचा प्रस्ताव त्यांनी मांडला. तो नाकारला गेला.

१८७६ मध्ये ते इंग्लंडला गेले. वाटेत पॅरिस येथे जिन्यावरून पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. ऑक्सफर्डची मानद पदवी, लंडन शहराचे मानद नागरिकत्व असे सन्मान त्यांना मिळाले. तेथे त्या वेळी डिझरायली यांचे कंझर्व्हेटिव्ह मंत्रिमंडळ होते व सॉल्सबरी हे भारतमंत्री होते. परंपरा, सरंजाम व राजनिष्ठा यांचा गौरव करणाऱ्या या पक्षाने सालारजंग यांचा सन्मान केला, पण वऱ्हाड दिले नाही. निजाम वयात येईपर्यंत प्रश्न उघडता येणार नाही, अशी भूमिका घेण्यात आली. व्हाइसरॉय लिटन यांनी तर सालारजंग यांच्या आग्रहास उद्धटपणा मानले. १८७७ मध्ये अमीर-ए-कबीर यांच्या मृत्यूनंतर, सालारजंग यांचे विरोधक असलेल्या विकार-उल-उमरा यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध सहप्रशासक म्हणून बसविण्यात आले. १८५७ मध्ये ज्या निष्ठेने संस्थान वाचले, त्या निष्ठेने दोन दशकांनंतर वाटाघाटीचे बळ दिले नाही.

मराठी प्रदेशाच्या इतिहासात या प्रश्नाचे महत्त्व वेगळे आहे. वऱ्हाड व मराठवाडा हे भाषेने व शेतीने जोडलेले शेजारी प्रदेश १८५३ पासून दोन वेगळ्या राजवटींखाली वाढले. भुसावळ-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण होऊन वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराशी जोडला गेला. औरंगाबादेस मनमाडहून रेल्वे आली ती १९०० मध्ये. सालारजंग यांनी बांधलेला लोहमार्ग राजधानीस मुंबई-मद्रास मार्गाशी जोडणारा होता, गोदावरी खोऱ्यातील बाजारपेठांचा विचार त्यात नव्हता. पुढे १९०२ मध्ये कर्झन यांनी वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले, आणि सालारजंग यांनी आयुष्यभर चालविलेला दावा व्यवहारतः निकालात निघाला.

समकालीन दिवाणांशी तुलना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानी मुत्सद्द्यांत सालारजंग, ग्वाल्हेरचे दिनकरराव राजवाडे आणि सर टी. माधवराव ही तीन नावे एकत्र घेतली जात. दिनकररावांनीही १८५७ मध्ये शिंद्यांना इंग्रजांच्या बाजूस ठेवले, पण १८५९ मध्येच त्यांना दिवाणपद सोडावे लागले. तंजावरकडील मराठी माधवरावांनी त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशी तीन संस्थाने सांभाळली. सालारजंग मात्र जवळजवळ तीस वर्षे एकाच संस्थानात टिकले. माधवरावांच्या त्रावणकोरात व नंतर सयाजीरावांच्या बडोद्यात शिक्षणास प्रजेच्या भाषेचा आधार मिळाला. हैदराबादेत दार-उल-उलूम, मदरसा-ए-आलिया यांसारख्या संस्था निघाल्या, परंतु त्या मुख्यतः राजधानी व अधिकारी-उमराव वर्ग यांच्यासाठी होत्या. मराठवाड्यातील शैक्षणिक मागासलेपणाचा विचार करताना हा फरक दृष्टीआड करता येत नाही.

वारसा

८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीने सालारजंग यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी महबूब अली खान यांना पूर्ण अधिकार मिळाले आणि सालारजंग यांचे पुत्र लायक अली खान दिवाण झाले. ते १८८७ पर्यंतच टिकले. पित्याच्या व्यक्तिगत अधिकारावर उभी असलेली व्यवस्था पुत्राच्या हाती स्थिर राहिली नाही. सालारजंग यांनी नियम केले, खाती केली, अधिकारी नेमले, पण या सर्वांस जाब विचारणारी संस्था निर्माण केली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच चांदा रेल्वेच्या व्यवहाराची माहिती जनतेसमोर मांडावी, अशी मागणी करणाऱ्या अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना संस्थानाबाहेर घालविण्यात आले. विधिमंडळ आले ते १८९३ मध्ये, तेही अत्यंत मर्यादित स्वरूपात.

या पोकळीचे परिणाम मराठवाड्याने पुढील साठ वर्षे भोगले. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे भरले. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसने जबाबदार राज्यपद्धतीसाठी सत्याग्रह केला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, तेव्हा सालारजंग यांनी दिवाणी मुलखापुरती मर्यादित ठेवलेली व्यवस्था प्रथमच सर्व गावांस सारखी लागू होण्याचा मार्ग मोकळा झाला. ज्या जिल्हा-तालुक्यांच्या चौकटीतून नव्या सरकारने हा बदल राबविला, ती चौकट मुळात सालारजंग यांचीच होती.

समारोप

हैदराबादेतील सालारजंग संग्रहालय प्रामुख्याने त्यांचे नातू तिसरे सालारजंग यांच्या संग्रहातून उभे राहिले असून १९५१ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. घराण्याचे नाव आज बहुतेकांना त्या संग्रहालयामुळे माहीत आहे. मराठवाड्यातील त्यांचा वारसा मात्र मोजणीच्या नकाशात, जिल्ह्याच्या सीमेत व तहसीलच्या दप्तरात आहे, आणि म्हणूनच तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

सालारजंग यांनी कोसळणारे राज्य सावरले, शेतकऱ्याची मक्तेदारापासून सुटका करण्याचा प्रयत्न केला आणि इंग्रजांसमोर संस्थानचा दावा निर्भयपणे मांडला. ही कामगिरी लहान नाही. परंतु प्रजेस उत्तम कारभार देता आला की राजकीय हक्क देण्याची गरज उरत नाही, या गृहीतावर ती उभी होती. कार्यक्षम दिवाण असेपर्यंत हे गृहीत निभावले. तो गेल्यावर नोकरशाही उरली, तिला वळण देणारा विवेक उरेलच याची हमी कोणत्याही संस्थेने दिली नव्हती. मराठवाड्याच्या इतिहासाचा अभ्यास मुक्तिसंग्रामापासून सुरू करण्याची प्रथा आहे. मुक्तिसंग्राम कशाविरुद्ध होता आणि तो इतका उशिरा का झाला, हे समजून घ्यावयाचे तर हर्सूलसारख्या गावांच्या महसुली दप्तरापर्यंत, म्हणजेच सालारजंग यांच्या कारकिर्दीपर्यंत, मागे जाणे आवश्यक आहे.